न विचारता फाडलेलं तिकीट

१ मार्च १९८८, धुळे

काल निवृत्त झालो. तारीख एकोणतीस फेब्रुवारी. डेपोतली पोरं म्हणाली, "झुलालभाऊ, तुमच्या निरोपाचा दिवस आता चार वर्षांनी येणार." शाल दिली, ही डायरी दिली. एकतीस वर्षं कंडक्टरकीत वे-बिलाशिवाय, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशिवाय, काही लिहिलं नाही, आता यात काय लिहू? प्रवासी शून्य, फेऱ्या शून्य.

आज पहाटे सव्वाचारलाच जाग आली. पाच चाळीसची धुळे–जळगाव माझी. खाकी शर्टाची बटणं लावून दारापर्यंत गेलो, मग आठवलं. भागाबाई, म्हणजे आमची बायको, स्टोव्हपुढे बसली होती. तिने चहा पुढे सरकवला. ती तशी बोलतच नाही फारशी. घरात शांतता असते, बरं आहे.

४ मार्च

स्टँडवर गेलो. उगाच नाही, घड्याळाला चावी द्यायची होती आणि घड्याळवाला स्टँडसमोर बसतो. माझ्या गाडीवर तोताराम नावाचा नवा पोरगा दिलाय. प्रत्येक माणसाला विचारतोय, "कुठे जायचं? कुठे जायचं?" लाज वाटली. मी एकतीस वर्षांत फार कमी वेळा हा प्रश्न विचारला असेल. माणूस पायरीवर चढला की पिशवीवरून, चपलेवरून कळतं. एरंडोलचे मास्तर, पाळधीची भाजीवाली, फागण्याचा दूधवाला. तिकीट फाडून हातात ठेवायचं, बस. लोक कौतुकाने म्हणायचे, "झुलालभाऊनी गाडीमा तोंड उघाडनं पडत नही."

तोतारामला बाजूला घेऊन सांगितलं, विचारू नकोस, ओळखायला शीक. तो "हो आबा" म्हणाला. पोरगा बरा आहे.

९ मार्च

मुलगा वाल्मीक आणि सूनबाई लता दीपनगरहून आले. वाल्मीक तिथल्या वीजकेंद्रात आहे, क्वार्टर मिळालंय. लताचं दुसरं बाळंतपण महिन्यापूर्वी झालं. तान्हं बाळ आणि ही मोठी, म्हणजे गुलाब, दोन्ही तिला झेपत नाहीत. म्हणून गुलाबला आमच्याकडे ठेवायला आणलं.

पण खरं कारण तेवढंच नाही. गुलाब साडेचार वर्षांची झाली आणि बोलत नाही. "आई" म्हणते, "मम" म्हणते, बाकी सगळं बोटाने. जळगावच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम. डोकंही चालतंय म्हणाले, थोडं थांबा. वाल्मीक थांबायला तयार नाही. लांबच्या शहरात न बोलणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे, तिचा फॉर्म त्याने आणलाय. जूनच्या आधी तिथे नेऊन सोडायची. लताने तोंड भिंतीकडे केलं होतं.

भागाबाई एकच वाक्य बोलली, "एवढीशी पोर शे ती. ताप वना ते कोन दखी तिले?"

ताप आला तर तिला बघणार कोण, हे मलाही पटलं. म्हटलं, "वाल्मीक, तीन महिने दे. मी बोलती करतो." बोलून तर गेलो. कसं करणार, देव जाणे, आणि आम्ही तर देवही सोडले.

१४ मार्च

"म्हण, पाणी." ओठ घट्ट. "म्हण, केळं." ओठ घट्ट. केळं मागे लपवून धरलं, बोलशील तर देईन म्हटलं. गळा काढून रडली. भागाबाईने येऊन माझ्या हातातून केळं घेतलं आणि सोलून तिला दिलं. असं लाडावल्यावर काय होणार! फार हट्टी आहे पोर. कुणावर गेलीय कळत नाही.

बाकी तिचं सगळं मी बघतो. ती माठाकडे नुसती बघते तोवर पेला भरून तिच्या हातात असतो. एवढ्या वर्षांची नजर आहे आपली.

२० मार्च

आमच्या गल्लीच्या समाजमंदिरात कुंदाबाई बालवाडी चालवतात. शिकलेल्या आहेत, बोलणं सरळ. गुलाबला घेऊन गेलो. तर तिथे शिकवणं काहीच नाही! पोरं रिकामे डबे मांडून बाजार खेळतायत. एक पोरगा डॉक्टर होऊन दुसऱ्याच्या पोटाला वाटी लावतोय. एक पोरगी तर सासूच झाली होती आणि कुंदाबाईंनाच रागावत होती.

मी विचारलं, "बाई, अभ्यास कधी?"

"हाच अभ्यास आहे आबा. खेळात मूल दुसरं कुणीतरी होतं. स्वतः म्हणून बोलायला भीती वाटते, दुसरं कुणी झालं की ती भीती निघून जाते. शिवाय खेळ पुढे जायचा तर काहीतरी बोलावंच लागतं. तुम्ही घरी खेळा तिच्याशी. तुम्हाला जो खेळ सगळ्यात चांगला येतो तो."

"मला खेळ येत नाहीत. मला फक्त एस.टी. येते."

"मग एस.टी. खेळा," म्हणाल्या.

२१ मार्च

माझी तिकिटांची पेटी, भोकं पाडायचा चिमटा सगळं डेपोत जमा केलंय. म्हणून बिस्किटाचा डबा घेतला. जुन्या कॅलेंडरची तिकिटं कापली. खाट ही गाडी, खिडकीला लागून ठेवली. वरून दोरी ओढली आणि टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. खाकी शर्ट घातला. खरं सांगतो, शर्ट अंगावर चढला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हातपाय जागेवर आल्यासारखे वाटले.

गुलाब खिडकीशी बसली. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव! मी ओरडत होतो, तिच्या हातात तिकिटं ठेवत होतो, डबल बेल देत होतो. शब्द एक बोलली नाही, पण दोन तास हलली नाही. आतून भागाबाई हसल्याचा आवाज आला. तिच्या हसण्याचा आवाज मी विसरलोच होतो.

३१ मार्च

दहा दिवस झाले. आता ती स्वतः डबा आणून माझ्या मांडीवर ठेवते. पारोळा आलं की बोट वर करते. पण तोंड बंदच. आज कुंदाबाईंना बोलावून खेळ दाखवला. वाटलं, शाबासकी देतील.

म्हणाल्या, "आबा, तुम्ही तिला काही विचारलंच नाही."

"विचारायचं काय? ती कुठे जाते मला ठाऊक आहे. जळगावला उतरते, तिथून दीपनगर, आईकडे."

"ठाऊक असलं तरी विचारा. आणि विचारून गप्प बसा. सगळं अवघड तेवढंच आहे."

काल जन्मलेली बाई मला कंडक्टरकी शिकवते! राग आला. दुपारभर स्टँडवर जाऊन बसलो.

३ एप्रिल

विचारून पाहिलं. "गुलाब, कोठे जानं?" आणि गप्प बसलो. एक, दोन, तीन, चार… पुढे माझ्याने राहवेना. "जळगाव ना?" म्हणून फाडलंच तिकीट. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. तिची जीभ हलत नाही आणि माझी थांबत नाही.

आतून भागाबाई म्हणाली, "तुम्हीच बोली टाकतस, मंग ती काय बोली?" तिला मध्ये बोलायचं काय कारण होतं कळलं नाही.

८ एप्रिल

आज सगळं लिहितो.

सकाळी युक्ती सुचली. मीही दुसरं कुणी व्हायचं. मी झुलाल नाही, मी तोताराम. आजच नोकरीला लागलोय, कोण कुठे जातं मला काही ठाऊक नाही. टोपी उलटी घातली. गुलाबच्या हातात तिकीट ठेवून म्हटलं, "सुरत." तिने मान हलवली. नको म्हणतेय म्हटल्यावर मी तिकीट परत घेतलं. "मग कोठे जानं बाई?" आणि पेन्सिल दातांत धरली, घट्ट.

गाडी उभी. बेल नाही. ती दोरीकडे बघते, माझ्याकडे बघते. मी दात आवळून उभा. एकतीस वर्षांत माझी गाडी माझ्यामुळे कधी एक मिनिट लेट नाही, आणि इथे किती वेळ उभी होती कोण जाणे. घाम फुटला. वाटलं, नाहीच बोलणार, उगाच पोरीचा छळ मांडलाय. पेन्सिल काढणारच होतो.

"जळ," गुलाब म्हणाली. "जळ."

डबल बेल इतक्या जोरात दिली की दोरी तुटली. अनवाणी पळत कुंदाबाईंकडे गेलो. काय सांगितलं आठवत नाही, पण पेन्सिल हातात होती आणि तिला माझ्या दातांच्या खुणा होत्या.

१५ एप्रिल

काल चौदा एप्रिलची मिरवणूक. गुलाबला निळा फ्रॉक शिवला होता. ट्रॅक्टर थांबला की माझ्या खांद्यावरून "टन" म्हणायची, चालू झाला की "टन टन". आता जळ आहे, पारो आहे, थांब आहे, हाफ आहे. गल्लीतली पोरंही गाडीत बसायला लागलीत. वाल्मीकला कार्ड टाकलं.

आज भागाबाईला बळेच खाटेवर बसवलं. नव्या कंडक्टरला सगळ्यांनाच विचारावं लागतं, म्हणून तिलाही विचारलं, "कोठे जानं शे बाई?"

ती खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "भडगाव."

मी हसलो. म्हटलं, ही गाडी भडगावला जात नाही.

"पारोळाले उतरसू. तठून जासू."

भडगाव तिचं माहेर. सात वर्षांपूर्वी वाल्मीकच्या लग्नात तिचा भाऊ भटू भर मांडवात मला "तिकीटं फाडनारा" म्हणाला होता. त्याच दिवशी मी ठरवलं, आता भडगावला आपलं कुणी नाही. भागाबाईला तसं सांगितलं, तिने मान डोलावली. त्यानंतर तिने त्या गावाचं नाव काढलेलं नाही, म्हणजे तिलाही त्याचं काही राहिलं नाही. तिची आई आक्काबाई आहे तिथे, ऐंशीच्या पुढे असेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलीय, गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी यायला लागल्यात. आम्ही ते सण पाळत नाही, पण लेकीबाळी दिसतात. तेच पाहून तिच्या सहज तोंडात आलं असेल.

२४ एप्रिल

रोज भडगाव! दुसरं गाव नाही तिला. एरंडोल म्हण, मुकटी म्हण, खेळच तर आहे. पोरंही आता तिला "भडगाववाली आजी" म्हणतात. माझी चिडचिड झाली. आज गाडी सुटायच्या आधीच सांगून टाकलं, "जलद गाडी शे. पारोळा थांबत नही."

भागाबाई खाटेवरून उतरली आणि आत गेली.

तर गुलाब उभी राहिली, दोरी ओढली, एकच टोला, आणि म्हणाली, "पारोळा थांब." दोन शब्द, एकापुढे एक! आनंदाने आत सांगायला गेलो. भागाबाई तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही. सूप निवडून झालेलं होतं, तरी तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं.

५ मे

वाल्मीकचं पत्र. शाळेत जागा पक्की झाली. अठ्ठावीसला येतो, सोमवारी तिला घेऊन जातो. माझ्या कार्डाबद्दल एवढंच, की खेळात चार शब्द बोलणं वेगळं.

आणि तो खोटं बोलत नाही, हेच वाईट. गुलाब खाटेवर बोलते, खाटेवरून पाय खाली टाकला की पुन्हा बोट. आज तीनदा स्टँडवर जाऊन आलो. कशासाठी गेलो ते तिन्ही वेळा आठवेना. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जावं कळत नाही.

कुंदाबाई म्हणतात, तिला कंडक्टर करा. विचारायची पाळी तिच्यावर येऊ द्या. मग मी कोण? म्हणाल्या, "तुम्ही बसा ना एकदा खिडकीशी." डबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे मला जड जातंय. लिहायलाही लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

१२ मे

दिला डबा.

गळ्यात घातलेली पैशांची पिशवी तिच्या घोट्यापर्यंत लोंबत होती. डबा छातीशी धरून ती गाडीतून फिरली. एकालाही काही विचारलं नाही. प्रत्येकाच्या हातात तिकीट ठेवलं, पुढे सरकली, ठेवलं, पुढे सरकली. मान तिरपी, भुवई वर. हुबेहूब मी. पोरं खो खो हसली.

माझ्याही हातात एक तुकडा आला. कुठला कुणास ठाऊक. मी म्हटलं, "अगं, विचार ना मला!" तोवर ती पुढे गेली होती. तो तुकडा धरून बसून राहिलो. फार विचित्र वाटलं. आपल्याला भलतीकडेच पाठवलंय आणि सांगायची सोयच नाही, असं.

एरंडोलच्या मास्तरांना एखाद्या दिवशी पुढे जायचं असेल का?

१९ मे

रोज तिच्या गाडीत बसतो. ती तिकीट ठेवते, मी ते परत करतो आणि काही बोलत नाही. ती माझ्याकडे बघते. मी खिडकीबाहेर बघतो. नऊ दिवस राहिले.

२८ मे

वाल्मीक आणि लता दुपारी आले. त्याने चपला काढायच्या आधी विचारलं, "गुलाब, हे काय आहे? हा कोण? तुझं नाव काय?" ती कोपऱ्यात गेली आणि माठाकडे बोट केलं. वाल्मीकने माझ्याकडे पाहिलं. फॉर्म खिशातून काढून टेबलावर ठेवला. "आबा, तुम्ही प्रयत्न केलेत. सोमवारी निघतो."

माझं डोकं फिरलं. मी पोरीवर ओरडलो. "म्हण ना जळगाव! म्हण! रोज म्हणतेस ना?" तिने ओठ आवळले, मार्चमध्ये आवळायची तसे. तीन महिन्यांचं सगळं मी एका ओरडण्यात मातीत घातलं.

तेव्हा भागाबाईने फळीवरून डबा काढला. पिशवी गुलाबच्या गळ्यात घातली आणि स्वतः खाटेवर जाऊन बसली. "चाला," म्हणाली, "गाडी लागनी."

"आई, हे काय आता?" वाल्मीक म्हणाला.

"बठ," ती म्हणाली. तिने कुणाला असं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. वाल्मीक बसला. लता बाळाला घेऊन बसली. शेवटी मी.

गुलाब कोपऱ्यातच होती. मग हळूहळू आली. वाल्मीकपुढे उभी राहिली, डब्यात हात घातला. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्याचा गुडघा दाबला. पंख्याचा आवाज येत होता. बाळ चुळबुळलं. मी पेन्सिल शोधली, नव्हती, म्हणून बोट चावलं.

"कोठे जानं?" गुलाब म्हणाली.

वाल्मीक म्हणाला, "दी… दीपनगर."

"जळगाव उतर," म्हणाली आणि तिकीट दिलं. लतालाही विचारलं. लताने कसंबसं दीपनगर सांगितलं आणि बाळाच्या टोपीत तोंड घातलं. मग आजीला. आजी म्हणाली, भडगाव. "पारोळा थांबसू," कंडक्टरबाईंनी सांगितलं.

मग माझ्यापुढे आली.

"आबा, कोठे जानं?"

एकतीस वर्षं मी त्या बाजूला उभा होतो. या बाजूला बसल्यावर मी आधी भागाबाईकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि बाहेर तर शेजाऱ्याची भिंत आहे. तिकीट तिने मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी झाली होती. सहा आठवड्यांपासून ती मला सांगत होती. मी विचारत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

कंडक्टर थांबली होती. थांबायला ती माझ्यापेक्षा चांगली शिकली.

"भडगाव," मी म्हटलं. "दोन फूल."

भागाबाईने मान वळवली नाही. फक्त पदर डोळ्यांना लावला.

वाल्मीकने फॉर्मची चौघडी करून खिशात ठेवली. फाडला नाही. म्हणाला, "एक वर्ष बघू." एक वर्ष पुष्कळ झालं.

३० मे, पारोळा स्टँड, सकाळ

भडगावची गाडी यायची आहे, तेवढ्यात लिहून घेतो. वाल्मीक आणि लता बाळाला घेऊन काल परत गेले. गुलाब आमच्याबरोबर आहे. तिला तिकीट लागत नाही, अजून पाच पूर्ण नाहीत. पण तिने हाफ मागितलं, तोंडाने मागितलं.

पाच चाळीसच्या गाडीवर तोतारामच होता. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. मी शिकवलेलं त्याने मनावर घेतलंय. कुणाला काही विचारत नाही, तिकिटं फाडत चाललाय. आमच्यापाशी आला, तिकिटांच्या ट्रेमध्ये बोटं घातली. "आबा, जळगावच ना?"

"थांब," मी म्हटलं. "बाईंना विचार."

तो गोंधळला. माझ्याकडे बघितलं, मग भागाबाईकडे वळला. "कोठे जानं शे, मावशी?"

"पारोळा," भागाबाई म्हणाली. "आनि तठून भडगाव. मनी मायकडे."

ड्रायव्हरनेसुद्धा मागे वळून पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

भटूशी काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. आधी तो काय म्हणतो ते ऐकेन. पेन्सिल बरोबर घेतलीय.